दुखत नाही म्हणून अंगावर काढू नका

स्तनातल्या गाठींविषयी आलेली पत्रं या वेळी एकत्र घेतली आहेत. बहुतेक पत्रांत प्रश्नाआधी एक वाक्य होतं: ‘विचारू की नको असं झालं होतं.’ विचारलंत हे फार चांगलं केलंत. भारतातल्या स्त्रियांत सर्वांत जास्त आढळणारा कर्करोग आज स्तनाचाच आहे. २०२२ च्या जागतिक अंदाजानुसार आपल्याकडे वर्षाला सुमारे १ लाख ९२ हजार नव्या रुग्ण आढळतात. पाश्चात्त्य देशांच्या तुलनेत आपल्याकडे तो साधारण दहा वर्षं आधी, चाळिशी-पन्नाशीतच गाठतो. म्हणजे ऐन घर सांभाळायच्या वयात.

प्रश्न : पूर्वी ‘दर महिन्याला स्वतःची तपासणी करा’ असं सांगायचे. आता एक डॉक्टर म्हणाल्या, त्याचा उपयोग नाही. मग करायचं तरी काय? (वय ३८, बारामती)

दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे. चीनमध्ये शांघायच्या कापड गिरण्यांत काम करणाऱ्या २ लाख ६६ हजारांहून अधिक स्त्रियांचा मोठा अभ्यास झाला. त्यांतल्या निम्म्या जणींना हाताने तपासणी काटेकोर शिकवली आणि दोन्ही गटांवर दहाएक वर्षं लक्ष ठेवलं. मृत्यू दोन्ही गटांत जवळजवळ सारखेच निघाले. शिकवलेल्या गटात साध्या, निरुपद्रवी गाठींच्या बायोप्सी (तुकडा काढून केलेल्या तपासण्या) मात्र बऱ्याच जास्त झाल्या. तेव्हापासून ठरावीक तारखेची, परीक्षेसारखी तपासणी सक्तीने सांगणं थांबलं.

दुसरा अभ्यास आपल्या मुंबईतला, टाटा मेमोरियल रुग्णालयाचा. १९९८ पासून ३५ ते ६४ वयाच्या दीड लाखांहून अधिक वस्तीतल्या स्त्रिया त्यात होत्या. निम्म्या जणींचे स्तन प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी हाताने तपासले. मशीन नव्हतं. वीस वर्षांनी हिशेब केला, तेव्हा पन्नाशी ओलांडलेल्या स्त्रियांत या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळजवळ तीस टक्क्यांनी कमी झालेले दिसले. पन्नाशीच्या आतल्या स्त्रियांत तसा ठोस फरक दिसला नाही. तपासलेल्या गटात रोग आधीच्या, सुरुवातीच्या टप्प्यावर सापडला, हे मात्र दिसलं.

यातून तुमच्यापुरतं निघतं ते असं. आपले स्तन एरवी कसे दिसतात, कसे लागतात हे ठाऊक असू द्या. बदल जाणवला तर तारखेची वाट न पाहता दाखवा. आणि तिशीनंतर शिकलेल्या हाताकडून तपासून घ्या. सरकारी कार्यक्रमात ३० ते ६५ वयासाठी ही तपासणी दर पाच वर्षांनी ठरलेली आहे. शक्य असेल तर चाळिशीनंतर दरवर्षी करून घ्यावी, असं आमचं मत आहे.

प्रश्न : ‘एरवी कसे लागतात’ हे कळायला हात लावावाच लागणार ना? मला तर सगळीकडे गाठीच लागतात. (वय ४१, लातूर)

लागणारच, कारण तुम्ही बहुधा स्तन चिमटीत धरून पाहताय. चिमटीत धरलं की निरोगी स्तनातही गाठ लागते. बोटं सपाट ठेवायची आणि स्तन मागच्या फासळ्यांवर हलका दाबून पाहायचा.

वेळ आधी ठरवा. पाळी सुरू झाल्यापासून सातव्या ते दहाव्या दिवसाच्या आसपास स्तन सर्वांत मऊ असतात. पाळीच्या आधीच्या आठवड्यात पाहिलंत तर सुजेमुळे घाबरायची वेळ येईल. पाळी गेलेली असेल किंवा पिशवी काढलेली असेल, तर महिन्याची एक तारीख धरा. रोज पाहू नका. रोज पाहिलं तर हळूहळू होणारा बदल हाताच्या सवयीचा होऊन जातो.

आधी डोळ्यांनी पाहा. कमरेपर्यंत कपडे काढून आरशासमोर उभ्या राहा. उजेड समोरून नको, बाजूने पडू द्या, म्हणजे खळी लगेच दिसते. पहिल्यांदा हात खाली सोडून, मग दोन्ही हात डोक्यावर नेऊन, मग कमरेवर हात घट्ट दाबून आणि शेवटी जरा पुढे वाकून पाहा. कमरेवर हात दाबले की छातीचे स्नायू आवळतात, आणि आतून कुठे कातडी धरली गेली असेल तर तिथे खळी पडते. हात खाली असताना तीच खळी लपलेली असू शकते. बोंड नव्याने आत ओढलं गेलंय का, कुठे कातडी संत्र्याच्या सालीसारखी जाड आणि बारीक खड्ड्यांची झालीय का, लाली आहे का, एका बाजूचा आकार अलीकडे बदललाय का, हे पाहा. एक स्तन थोडा मोठा असणं किंवा वयात आल्यापासून बोंड आत असणं हा आजार नाही. ‘नव्याने’ हा शब्द महत्त्वाचा.

मग आडव्या व्हा. उजवा स्तन पाहायचा तर उजव्या खांद्याखाली टॉवेलची घडी ठेवा आणि उजवा हात डोक्यामागे घ्या. त्यामुळे स्तन छातीवर पसरून पातळ होतो. डाव्या हाताची मधली तीन बोटं वापरा, तीही टोकं नव्हेत, पेराचा मऊ भाग. बोटांना थोडं तेल लावा. रुपयाच्या नाण्याएवढी वर्तुळं करत काखेपासून सुरू करा. वरून खाली, मग खालून वर, अशा उभ्या पट्ट्या घेत छातीच्या मधल्या हाडापर्यंत या. शेतात नांगराचे तास घालतात तसं, दोन पट्ट्यांमध्ये जागा सुटता कामा नये. वरची हद्द गळ्याचं हाड, खालची हद्द स्तनाखालची घडी, बाहेरची हद्द काखेची मधली रेघ. प्रत्येक जागी बोटं न उचलता तीन दाब द्या: आधी कातडी जेमतेम हलेल इतका, मग मध्यम, मग फासळी लागेपर्यंत. वरवरची गाठ जोरात दाबल्यावर निसटते आणि खोलातली गाठ हलक्या दाबाला लागतच नाही.

बहुतेकजणी चुकतात ते काखेकडच्या भागात. स्तन गोल दिसत असला तरी त्याचं एक टोक काखेत गेलेलं असतं, आणि जवळजवळ निम्मे कर्करोग वरच्या, बाहेरच्या याच चतकोरात सापडतात. काख पाहताना हात उंच नेऊ नका, कातडी ताणली की आतलं काही लागत नाही. बसून हात टेबलावर सैल ठेवा आणि दुसऱ्या हाताची बोटं काखेच्या वरच्या टोकाला नेऊन फासळ्यांवरून खाली ओढा. स्तन मोठे असतील तर बाहेरचा भाग पाहताना विरुद्ध कुशीवर जरा कलंडा, म्हणजे तो भाग वर येऊन पसरतो.

स्तन आतून साबुदाण्यासारखा कणीदार लागणं, खालच्या घडीशी टणक कड असणं, खोलवर फासळ्या लागणं, हे सगळं नैसर्गिक आहे. शंका आली तर दुसऱ्या स्तनात आरशातल्यासारखी तीच जागा चाचपा. दोन्हीकडे सारखं असेल तर बहुधा ती तुमची ठेवण आहे. एकाच बाजूला, आजूबाजूपेक्षा वेगळं, पाळी होऊन गेल्यावरही टिकलेलं असं काही लागलं तर दाखवा. बोंड पिळून स्राव येतोय का ते मात्र पाहू नका. पिळल्यावर अनेक निरोगी स्त्रियांनाही थेंबभर येतो.

प्रश्न : उजव्या बाजूला लिंबाएवढी गाठ आहे, तीन महिने झाले. दुखत नाही, हलतही नाही फारशी. सासूबाई म्हणतात, दुखत नाही तर हात लावू नको, सुई लावली की पसरते. एक वैद्य लेप देतायत. (वय ४४, सांगोला)

ताई, याच आठवड्यात सर्जनला दाखवा. पुढच्या पाळीची वाट पाहू नका. गाठ कर्करोगाचीच आहे असं आम्ही पत्रावरून म्हणत नाही, ते कुणालाच म्हणता येणार नाही. पण टणक, न दुखणारी, फारशी न हलणारी गाठ चाळिशीनंतर लागली, तर ती दुसरं काही सिद्ध होईपर्यंत संशयाचीच धरतात. न दुखणं ही दिलाशाची गोष्ट नाही. स्तनाचा कर्करोग सुरुवातीला बहुधा दुखतच नाही, आणि म्हणूनच बायका तो अंगावर काढतात. लेपाने गाठ जिरत नाही. त्यात जातो तो वेळ.

तपासण्यांचा क्रम समजून घ्या, म्हणजे कुणी मध्येच वेगळी वाट दाखवली तर ओळखता येईल. पहिल्यांदा सर्जन दोन्ही स्तन, दोन्ही काखा आणि गळ्याचा भाग हाताने तपासतील. मग चित्र. तुमच्या वयात मॅमोग्राफी (स्तनाचा एक्स-रे) आणि सोनोग्राफी दोन्ही, आणि दोन्ही बाजूंची. मॅमोग्राफीत स्तन दोन पट्ट्यांमध्ये काही सेकंद दाबून प्रत्येकाची दोन चित्रं घेतात. दाब हवाच, त्याशिवाय आतले थर वेगळे दिसत नाहीत. त्या दिवशी काखेत पावडर किंवा डिओडरंट नको, त्यातले कण चित्रात बारीक पांढऱ्या ठिपक्यांसारखे दिसू शकतात.

तिसरी पायरी सुईची. शक्यतो कोअर बायोप्सी करून घ्या. जागा बधिर करून जाडसर सुईने शेवयांसारखे तीन-चार बारीक तुकडे काढतात. टाका पडत नाही, त्याच दिवशी घरी जाता येतं. बारीक सुईच्या एफएनएसी तपासणीत सुट्या पेशीच मिळतात. कोअरमध्ये अखंड तुकडा मिळतो, त्यामुळे कर्करोग निघालाच तर त्याचा प्रकार आणि ईआर, पीआर (हार्मोनचा परिणाम होतो का), हर-टू (त्या नावाचं प्रथिन जास्त आहे का) या चाचण्या त्याच तुकड्यावर होतात. औषधं त्यावरच ठरतात.

सुईने रोग पसरतो ही भीती घराघरांत आहे. सासूबाईंनाही ती काळजीपोटीच वाटते, त्यांना सोबत घेऊन जा आणि डॉक्टरांच्या तोंडून ऐकू द्या. जगभर उपचार ठरवण्याआधी सुईनेच निदान करतात आणि त्याने रोग पसरून आयुष्य कमी होत नाही. खरं नुकसान वेगळ्याच गोष्टीने होतं: ‘गाठच आहे ना, काढून टाकू’ म्हणत निदानाआधीच केलेल्या ऑपरेशनने. कर्करोग असेल तर गाठीभोवतीची निरोगी कड सोबत काढावी लागते. निदान ठाऊक नसताना ती सुटते, चीर चुकीच्या जागी पडते आणि पुन्हा ऑपरेशन करावं लागतं. शिवाय मोठी गाठ आधी औषधांनी लहान करून स्तन वाचवण्याची संधी असते, तीही जाऊ शकते. म्हणून विचारायचं वाक्य पाठ करून ठेवा: ‘आधी सुईची तपासणी झाली का?’ आणि कुठल्याही कारणाने गाठ काढलीच, तर ती पॅथॉलॉजीला गेलीच पाहिजे.

एक पेच अजून. हाताला गाठ लागते आणि मॅमोग्राफी ‘नॉर्मल’ येते, असं होतं. विशेषतः तरुण, दाट स्तनांत. तेवढ्यावर घरी जाऊ नका. हात, चित्र आणि सुई या तिघांचं म्हणणं जुळलं पाहिजे. जुळत नसेल तर पुढे तपासायचं.

प्रश्न : पाळीच्या आधी आठवडाभर दोन्ही स्तन ठणकतात. कर्करोग असेल का? (वय २९, पुणे)

गाठ नसेल आणि दुखणं दोन्हीकडे, पाळीबरोबर येऊन ओसरणारं असेल, तर तसं असण्याची शक्यता फारच कमी. हार्मोन्सच्या चढउताराने हे होतं. नीट बसणारी, आधार देणारी ब्रा घाला, धावताना तर नक्कीच. दोन महिने कॅलेंडरवर दुखण्याचे दिवस मांडा. एकाच ठिकाणी, पाळीशी संबंध नसलेलं दुखणं टिकलं तर दाखवा.

प्रश्न : मुलीच्या छातीत गोटीसारखी गाठ आहे, बोटाखालून सटकते. लग्नाचं वय, गाजावाजा नको म्हणून थांबलोय. (आई, मुलगी १९, नाशिक)

हे वर्णन फायब्रोअॅडिनोमाचं वाटतं. ही गाठ इतकी सटकते की डॉक्टर तिला ‘ब्रेस्ट माउस’, म्हणजे स्तनातला उंदीर म्हणतात. ती साधी असते. पण तो शिक्का सोनोग्राफीने लागू द्या. या वयात मॅमोग्राफी लागत नाही. गाठ तीन सेंटिमीटरहून मोठी असेल किंवा वाढत असेल तर काढतात, नाहीतर सहा महिन्यांनी पुन्हा सोनोग्राफी करून लक्ष ठेवतात. सोनोग्राफीच्या कागदाला कुणी विचारत नाही, मुलीच्या मनातली धास्ती मात्र रोज वाढते. थांबू नका.

प्रश्न : बाळ चार महिन्यांचं. डावा स्तन लाल, कडक झालाय. अँटिबायोटिकचा एक कोर्स झाला, ताप गेला, लाली तशीच. घरचे म्हणतात दूध साकळलंय. (वय २६, चिपळूण)

दूध साकळणं आणि त्यातून होणारा संसर्ग बाळंतिणीत नेहमीचा, आणि बहुतेक वेळा तेवढंच असतं. पण योग्य औषधाने दोन दिवसांत उतार दिसायला हवा. तो नाही, म्हणजे आत पू साठलाय किंवा औषध बदलायला हवंय. दहा-चौदा दिवसांतही लाली आणि जाडपणा हटला नाही, तर सोनोग्राफी आणि गरज वाटल्यास बायोप्सी करायलाच हवी. दाहासारखा दिसणारा एक कर्करोग असतो. तो विरळा आहे, पण वेगाने वाढतो आणि ‘दूध साकळलंय’ या नावाखाली लपतो. तुम्ही त्या मुदतीपर्यंत आलाच आहात. उद्याच जा.

तोवर त्या बाजूने पाजत राहा, दूध बाळाला बाधत नाही. सोनोग्राफी, मॅमोग्राफी, बायोप्सी यांपैकी कशासाठीही पाजणं बंद करावं लागत नाही. चित्र काढण्याआधी पाजून घ्या, स्तन रिकामा असला की नीट दिसतं. जोराने चोळून गाठ फोडायचा प्रयत्न करू नका, त्याने सूज वाढते.

प्रश्न : डाव्या बोंडाला खाज आणि खपली आहे. मलमाने बरं होतं, पुन्हा येतं. दोन महिने असंच. (वय ५२, गडहिंग्लज)

मलम थांबवून बोंडाची बायोप्सी करून घ्या. साधा इसब बहुधा दोन्हीकडे असतो आणि बोंडाभोवतीच्या काळ्या वर्तुळावर सुरू होतो. एकाच बाजूला, थेट बोंडापासून सुरू झालेली खपली ‘पॅजेट’ प्रकारच्या कर्करोगाची असू शकते. स्टेरॉइडच्या मलमाने तिची लाली तात्पुरती ओसरते, त्यामुळेच महिने जातात. कातडीचा छोटा तुकडा पुरतो. सोबत मॅमोग्राफीही लागेल, कारण आत गाठ असू शकते.

याच विषयाची आणखी तीन पत्रं होती, स्रावाची. स्राव न पिळता आपोआप येत असेल, एकाच बाजूच्या एकाच छिद्रातून येत असेल, रक्ताचा किंवा पाण्यासारखा असेल तर दाखवायचंच. दोन्हीकडून दुधासारखा येत असेल तर आधी प्रोलॅक्टिन (दूध आणणारं हार्मोन) आणि थायरॉइड तपासतात, आणि कुठली औषधं चालू आहेत ते पाहतात. उलटी-मळमळीची काही औषधंही याला कारण होतात.

प्रश्न : आईच्या मॅमोग्राफीच्या रिपोर्टवर ‘बायरॅड्स ४’ लिहिलंय. म्हणजे चौथी स्टेज का? (मुलगा, अकोला)

नाही. या घोळाने घरं रात्रभर जागी राहतात. बायरॅड्स हा चित्र पाहणाऱ्या डॉक्टरांच्या संशयाचा आकडा आहे, रोगाच्या टप्प्याचा नव्हे. ० म्हणजे चित्र अपुरं, आणखी तपासण्या हव्यात. १ आणि २ म्हणजे संशयाचं काही नाही. ३ म्हणजे बहुधा साधं, कर्करोगाची शक्यता दोन टक्क्यांच्या आत, सहा महिन्यांनी पुन्हा चित्र. ४ म्हणजे सुईची तपासणी हवी. ५ म्हणजे संशय जवळजवळ पक्का. ६ म्हणजे बायोप्सीत आधीच सिद्ध झालेलं. ४ चा पल्ला फार मोठा आहे, दोन टक्क्यांपासून पंचाण्णव टक्क्यांपर्यंत. त्यातल्या बऱ्याच गाठी साध्या निघतात. आईंची बायोप्सी या आठवड्यात करून घ्या.

प्रश्न : आत्याला ४२ व्या वर्षी स्तनाचा कर्करोग झाला, आजीला बीजाशयाचा होता. पण दोघी वडिलांकडच्या, तर मला धोका नाही ना? (वय ३१, ठाणे)

वडिलांकडचंही तितकंच मोजतात. बीआरसीए या जनुकातल्या दोषाने स्तनाच्या आणि बीजाशयाच्या कर्करोगाचा धोका वाढतो, आणि तो दोष वडिलांकडूनही येतो, स्वतः त्यांना काही झालेलं नसलं तरी. स्तनाच्या कर्करोगांपैकी पाच ते दहा टक्केच आनुवंशिक असतात, पण पन्नाशीच्या आत स्तनाचा आणि त्याच घरात बीजाशयाचा, ही जोडी ठळक खूण आहे. जनुकीय समुपदेशकाला भेटा. शक्य असेल तर रक्ताची चाचणी आधी आत्याची करतात. तिच्यात दोष सापडला, तर तुमच्यात नेमका तोच शोधता येतो. आधी तुमचीच केली आणि काही सापडलं नाही, तर त्याचा अर्थ धूसर राहतो. घरातल्या सर्वांत लहान वयाच्या रुग्णाच्या वयाआधी दहा वर्षं तपासण्या सुरू करायचा संकेत आहे. दोष सापडला तर मॅमोग्राफीच्या जोडीला एमआरआयही लागते.

प्रश्न : काळी ब्रा, ब्लाउजमध्ये मोबाइल, छातीला लागलेला मार, यांनी कर्करोग होतो का? (वाचक गट, इचलकरंजी)

नाही. माराने चरबीची कडक गाठ होऊ शकते, ती कर्करोग नसते, पण तपासल्याशिवाय ओळखूही येत नाही. बऱ्याचदा मार हे निमित्त होतं. हात तिकडे जातो आणि आधीच असलेली गाठ लागते. धोका खरोखर वाढवतात त्या गोष्टी अशा: दारू, पाळी गेल्यानंतर वाढलेलं वजन, वर्षानुवर्षं घेतलेल्या काही हार्मोनच्या गोळ्या.

प्रश्न : माझ्या उजव्या बोंडाखाली कडक गाठ आहे. पुरुषांना हा आजार होतो का? (वय ६१, परभणी)

होतो. शंभरात सुमारे एक रुग्ण पुरुष असतो. तपासण्या त्याच: हात, मॅमोग्राफी किंवा सोनोग्राफी, सुई. पुरुषांचा स्तन लहान, त्यामुळे गाठ कातडीपर्यंत लवकर पोहोचते. काका, लाज बाजूला ठेवा आणि सर्जनकडे जा.

प्रश्न : गावात सोय नाही आणि पैसेही नाहीत. सुरुवात कुठून करू? (वय ४७, किनवट तालुका)

आशाताईंना सांगा. तिशीवरच्या प्रत्येकाचा धोक्याचा फॉर्म भरणं त्यांच्या कामात आहे. उपकेंद्रात किंवा आयुष्मान आरोग्य मंदिरात नर्सताई हाताची तपासणी मोफत करतात. त्यांना संशय वाटला तर चिठ्ठी घेऊन ग्रामीण किंवा जिल्हा रुग्णालयात जायचं. कर्करोग निघाला तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंत उपचार मिळतात. रेशनकार्ड आणि आधारकार्ड घेऊन योजनेतल्या रुग्णालयात ‘आरोग्यमित्र’ लिहिलेला टेबल गाठा. निदान होण्याआधीच्या तपासण्यांचं काय, हे पहिल्याच दिवशी त्यांना विचारा, म्हणजे मध्येच पैशांपायी अडकणार नाही.

डॉक्टरांसमोर सांगायच्या गोष्टी कागदावर लिहून न्या. गाठ कधी लागली, वाढली का, शेवटची पाळी कधी, कुठल्या गोळ्या चालू आहेत, घरात कुणाला कर्करोग होता का. जागा घड्याळाप्रमाणे सांगा, जसं ‘उजवीकडे दहा वाजता, बोंडापासून तीन बोटांवर’. बायोप्सी झाली तर रिपोर्टबरोबर स्लाइड आणि मेणाचे ब्लॉक (काढलेला तुकडा मेणात जपून ठेवलेले ठोकळे) कुठे ठेवलेत तेही लिहून घ्या. मोठ्या रुग्णालयात गेल्यावर पहिल्यांदा तेच मागतात, आणि ते मागण्याचा तुम्हाला हक्क आहे.